उजव्या चाकाची पिन

"मोटारींच्या जुन्या आठवणी लिहून पाठवा," असं संपादकांचं पत्र आलं तेव्हा मला आधी हसू आलं. मोटारीच्या आठवणी म्हटल्या की माणूस उडणारा फेटा सांगतो, मागची धूळ सांगतो, तोंडात बोट घालून बघणारं गाव सांगतो. माझ्याजवळ यातलं काहीच नाही. चिखलीच्या एका गॅरेजात मी बावीस वर्षं काम केलं, आणि त्यातला बहुतेक काळ मोटारीखाली उताणा पडून काढला. कोणाच्या गाडीचा रंग कोणता होता हे मला विचारू नका. कोणत्या गाडीच्या कोणत्या सांध्यात चिखल धरतो, ते मात्र अजून सांगेन.

माझं काम वंगणाचं. इंजिन खोलणाऱ्याला लोक मान देतात, कारण तो बंद पडलेली गाडी चालू करून दाखवतो. वंगण घालणाऱ्याचं काम असं की ते नीट झालं तर काहीच होत नाही. गाडी काल चालत होती तशीच आज चालते. ज्याच्या कामाचा पुरावा म्हणजे 'काही झालं नाही' एवढाच, त्याला शाबासकी कोण देणार? घरी बायको माझे कपडे सगळ्यांपासून वेगळे, सोड्याच्या पाण्यात भिजवायची आणि म्हणायची, "दुसरे लोक पगार आनते, तुमी तेल आनता."

ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आपल्या वऱ्हाडात बैलबंडीखाली वंगणाचं नळकांडं लोंबत असतं हे शेंबडं पोरही जाणतं. कण्याला एरंडेल लावलं नाही तर चाक रडतं आणि शिवेपर्यंत ऐकू जातं. मोटारीचं दुखणं असं की ती रडत नाही. तिचं पुढचं एकेक चाक एका उभ्या पोलादी पिनवर वळतं, दार बिजागरीवर वळतं तसं. आम्ही तिला किंगपिन म्हणतो. ड्रायव्हर स्टिअरिंग फिरवतो तेव्हा चाक त्या पिनभोवती वळतं. पिन आणि तिच्याभोवतीची पितळी नळी, म्हणजे बुश, यांच्यात विडीच्या पानाच्या जाडीएवढीही फट नसते. तेवढ्या जागेत ग्रीस टिकलं पाहिजे. ते गेलं की लोखंड पितळेला खातं, आणि बाहेरून काही दिसत नाही.

मी कामाला लागलो तेव्हा जुन्या गाड्यांच्या सांध्यांवर पितळी वाट्या असत. वाटीत ग्रीस भरायचं आणि वरचं झाकण रोज सकाळी एक आटा फिरवायचं, म्हणजे ग्रीस आत दाबलं जायचं. म्हणायला सोपं. पण रोज सकाळी गाडीखाली शिरून वीस झाकणं फिरवणारा ड्रायव्हर मी एकच पाहिला. पुढे निप्पलं आली. हरभऱ्याएवढं पोलादी बोंड, त्याच्या तोंडाशी ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी, गोळीमागे स्प्रिंग. ग्रीसगनचं तोंड त्यावर बसवायचं आणि दांडा ओढायचा. ग्रीसच्या दाबानं गोळी आत सरते, ग्रीस जातं, दाब सुटला की गोळी परत येऊन दार लावून घेते. मोठ्या गाडीला अशी पंचवीस-तीस निप्पलं. चिखलाखालून ती एकूण एक शोधून काढणं ही निम्मी विद्या.

उरलेली निम्मी विद्या माझे वस्ताद गणपत मिस्तरी यांनी पहिल्याच दिवशी सांगितली होती. आत काय गेलं ते दिसत नाही, म्हणून बाहेर काय येतं ते बघायचं. आधी सांध्यातून जुनं काळं ग्रीस बाहेर येतं, त्यामागून नवं पिवळं. "पिवळं दिसल्याबिगर हात थांबवाचा नाही," असं ते म्हणत. "काळं तं कोनीबी काढते."

गिऱ्हाइकं एकेक वल्ली. देऊळगाव राजाचे एक कापसाचे व्यापारी होते, त्यांच्या म्हाताऱ्या आईला कोणीतरी सांगितलं की ग्रीसमध्ये जनावराची चरबी असते. म्हातारीनं मोटारीत पाय ठेवायचं सोडलं. शेटजी माझ्याकडे पितळी डबा घेऊन आले. डब्यात साजूक तूप. "मिस्तरी, गाडीले हेच घाला." मी परोपरीनं सांगितलं, पण त्यांनी हात जोडले. घातलं तूप. चैत्राच्या उन्हात ते पातळ होऊन सगळ्या सांध्यांतून ठिबकायला लागलं. बाजारात गाडी उभी राहिली की गावातली कुत्री खाली शिरून चाकं चाटायची, आणि शेटजी आतून छत्रीच्या दांड्यानं त्यांना हाकलायचे. पंधरा दिवसांनी आले, म्हणाले, "काढा ते. माय आता म्हनते, कुत्र्यानं उष्टावलेल्या गाडीत बसनार नाही." मी सांधे धुऊन ग्रीस भरलं आणि म्हातारीला सांगितलं की हे विलायती मेण आहे. ती बसली. खोटं बोललो, पण त्या खोट्यानं कोणाचं वाईट झालं नाही.

दुसऱ्या खोट्याचं सांगायचं म्हणून हे लिहायला बसलो. इतकी वर्षं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

वर ज्या एका ड्रायव्हरचा उल्लेख केला, रोज सकाळी झाकणं फिरवणारा, त्याचं नाव सुखदेव. मूळचा जानेफळचा, बाप लहानसा शेतकरी. उंद्रीच्या देशमुखांकडे ड्रायव्हर होता. देशमुखांची मोठी अमेरिकन टुरर होती, उघड्या टपाची, कापडी छपराची. तिला पुढे निप्पलं बसवली तरी सुखदेवची सवय गेली नाही. मी गाडीखाली शिरलो की तोही शेजारी येऊन पडायचा आणि बोटानं दाखवायचा, इथं घाला, तिथं कमी आहे. वाटेत थांबला की खाली उतरून तळहातानं चाकांची ऊब बघायचा. ढोरांचा कळप दिसला तर अर्ध्या मैलावरून गाडी हळू करायचा. देशमुख त्याला चिडवत, "अबे, तुह्यापेक्षा बंडी लवकर पोचन." आम्ही दोघं जवळपास एका वयाचे होतो. मला तो दामूभाऊ म्हणायचा, आणि वंगणाच्या बाबतीत माझा शब्द त्याला वेदवाक्य होता. असं मानणारा माणूस माझ्या वाट्याला दुसरा आला नाही.

आता खंडेनवमीचं सांगतो. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची पूजा होते आणि मग दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत हत्यार उचलत नाहीत. सुताराचा रंधा, न्हाव्याचा वस्तरा, सगळे बसून असतात. आमच्या गॅरेजात वस्तादांनी घालून दिलेली रीत अशी की पूजेला हत्यार मळकं ठेवायचं नाही. आदल्या दिवशी पाने, हातोड्या, जॅक सगळं रॉकेलनं धुऊन पुसून काढायचं. ग्रीसगन तर पूर्ण रिकामी करायची, खोलायची, नळीतून रॉकेल फिरवायचं, आणि लखलखीत करून पाटावर मांडायची. हळदकुंकू, झेंडूचं फूल, नारळ. वस्ताद वारले तरी मी ती रीत मोडली नव्हती. वर्षातून एक दिवस त्या गनला काळं सोडून दुसरा रंग दिसायचा, आणि मला ते आवडायचं.

त्या वर्षी खंडेनवमीला दुपारी पूजा आटोपून मी बसलो होतो, तेव्हा सुखदेव गाडी घेऊन आला.

"दामूभाऊ, ष्टेरिंग जड येऊन राह्यलं. उजव्या अंगानं. परवा नाल्यात पानी लागलं ना, तवापासून."

"आज नाही रे. हत्यारं पूजेत बसली."

"ते दिसतेच मले. पर उद्या देवळगावले जाचं आहे, बालाजीले. देशमुखाच्या घरचे समदे हायेत. नऊ मानसं."

"मग उद्या सकाळी ये. उत्तरपूजा झाली की पहिली तुझीच गाडी."

त्यानं वाद घातला नाही. चपला काढून पाटापुढे हात जोडले, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि गेला. त्याला परत पाठवल्याचा दोष मी स्वतःला देत नाही. आमच्या भागात कुठल्याही कारखान्यात त्या दिवशी हेच उत्तर मिळालं असतं, आणि त्यालाही दुसऱ्या उत्तराची अपेक्षा नव्हती.

दसऱ्याला ते आले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. गाडीत खरंच नऊ माणसं, मांडीवर मांडी. पुढे देशमुख, मागे बायका, आणि मध्यभागी देशमुखांची थोरली विधवा बहीण, जिला अख्खी उंद्री आक्का म्हणायची. घरचा कारभार तिचाच. नैवेद्याचा डबा तिनं मांडीवर घट्ट धरला होता. मी घाईनं उत्तरपूजा उरकली, फूल काढलं आणि गनमध्ये ग्रीस भरायला घेतलं.

धुतलेली गन नव्यानं भरली की तिच्यात हवा अडकते. म्हणून निप्पलाला लावण्याआधी ती मोकळ्यावर चालवायची असते. आधी फसफस होते, वारा येतो, नळीत राहिलेले रॉकेलचे थेंब येतात, मग घट्ट ग्रीसची सुतळी निघू लागते. ती सुतळी निघेस्तोवर आठ-दहा वेळा दांडा ओढावा लागतो. मी दोनदा ओढला. गन फुसफुसली. मागून आक्का म्हणाली, "मिस्तरी, लवकर कर बाप्पा. ऊन तापाच्या आंधी पोचाचं आहे." मी गाडीखाली शिरलो.

पहिलं निप्पल उजव्या पिनचंच घेतलं, कारण तक्रार तिचीच होती. दांडा हलका गेला. सांध्यातून काळं, पातळ असं काहीतरी ओघळलं. पाणी शिरलेलं जुनं ग्रीस निघतंय, असं मी मनाशी म्हणालो. आणखी दोनदा ओढला, काळं आणखी आलं, आणि मी पुढच्या निप्पलाकडे सरकलो. तिथे दांडा जड झाला. पिवळं ग्रीस फुगून बाहेर आलं, पुढेही सगळीकडे तसंच आलं. दुसऱ्या निप्पलाला जर दांडा जड झाला, तर पहिल्याला काय गेलं होतं? वारा आणि रॉकेल. पिनवर जे थोडंफार जुनं ग्रीस उरलं होतं, तेही मी धुऊन काढलं होतं. हे मला त्याच वेळी समजलं की नंतर, याचा निवाडा मी आजवर करू शकलेलो नाही. कधी वाटतं, तेव्हा काहीच ध्यानात आलं नाही. कधी वाटतं, ध्यानात आलं होतं, पण परत सरकून मागे यायचा मला कंटाळा आला.

बाहेर आलो तेव्हा सुखदेव बॉनेटपाशी उभा होता. सणाचे धुतलेले कपडे असल्यामुळे त्या दिवशी तो माझ्याबरोबर खाली आला नव्हता.

"उजव्या पिनचं झालं ना, दामूभाऊ?"

"झालं," मी म्हणालो.

दुपारी मी नवा सदरा घालून सीमोल्लंघनाला निघत होतो, तेव्हा देऊळगावहून आलेल्या सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरनं बातमी आणली. देऊळगाव चार-पाच मैल राहिलं असताना, मोरीजवळच्या वळणावर देशमुखांची गाडी रस्ता सोडून खाली गेली आणि कलंडली. बाकीच्यांना मार लागला होता, सुखदेवची गळ्याजवळची हसळी मोडली होती. आक्का गाडीखाली सापडली आणि जागीच गेली.

तिसऱ्या दिवशी चार बैल जुंपून ती गाडी आमच्या गॅरेजात ओढून आणली. बरोबर फौजदार, आणि गळ्यात हात बांधलेला सुखदेव. फौजदारानं मला बोलावलं, कारण यंत्राचं समजणारा जवळपास मीच होतो. सुखदेवनं माझ्यासमोरच जबानी दिली. ती मला शब्दाशब्दानं पाठ आहे.

"साहेब, वळवलं तं वळलं. पर परत येईना. मी दोन्ही हातानं ओढून राह्यलो, ष्टेरिंग परत येईना."

देशमुख कपाळाला पट्टी बांधून खुर्चीवर बसले होते. ते म्हणाले, "नवमीच्या जागराले बसला होता रातभर. डोळा लागला असन. आता ष्टेरिंगले बोल लावते."

"जागराले होतो, मालक. पर झोप नाही लागली."

फौजदार मला म्हणाला, "मिस्तरी, नीट बघून सांगा. यंत्रात दोष आहे का?"

मी खाली शिरलो. उजवी पिन एकट्यानं खोलली. ती कोरडी होती, आणि तिच्यावर नखानं ओरबाडल्यासारखे चरे उठले होते. बुशचं पितळ ठिकठिकाणी तिला चिकटलं होतं. बोट नाकाशी नेलं, अजून रॉकेलचा वास येत होता. गाडीच्या कडेखालून फौजदाराचे बूट दिसत होते, आणि त्यांच्याशेजारी सुखदेवच्या चपला.

मला भीती वाटली. दुसरं काही कारण नव्हतं. गॅरेजच्या मालकानं दबाव आणला नाही, देशमुखांनी काही सांगून ठेवलं नव्हतं. एका माणसाचा जीव गेला आहे आणि तो माझ्या हातानं गेला आहे, एवढंच डोक्यात होतं. मी चिंधीनं पिन पुसली, बोटानं भरपूर पिवळं ग्रीस थापलं, सांधा पूर्ववत बसवला आणि बाहेर येऊन म्हणालो, "दोष नाही."

पुढे बुलढाण्याला खटला चालला तेव्हा तेच मी शपथेवर सांगितलं. वकिलानं विचारलं, "त्या सकाळी ग्रीस घातलं होतं?" मी हो म्हणालो. "सगळ्या सांध्यांना?" मी हो म्हणालो. तेव्हा सुखदेवनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी ते सहन केलं असतं. पण त्याचा चेहरा असा झाला की दामूभाऊ म्हणतात म्हणजे घातलंच असणार, मग माझ्याच हाताला काही चुकीचं जाणवलं असेल. स्वतःच्या मनगटापेक्षा त्याचा माझ्या शब्दावर विश्वास जास्त होता. त्याला सहा महिने सक्तमजुरी झाली आणि लायसन गेलं.

माझं उलट चांगलं चाललं. गॅरेजाचं नाव झालं; कोर्टानं ज्याचं म्हणणं प्रमाण मानलं तो मिस्तरी म्हणून लांबलांबची गिऱ्हाइकं माझ्याकडे येऊ लागली. देशमुखांनी नवी गाडी घेतली ती वंगणाला माझ्याकडेच. खाई त्याला खवखवे म्हणतात. त्या दिवसापासून मी कुठल्याही गाडीचं पहिलं निप्पल दोनदा केल्याशिवाय सोडलं नाही. एकदा सुरुवातीला, आणि एकदा सगळं झाल्यावर परत येऊन. लोक म्हणत, मिस्तरी फार काटेकोर. पुढच्या खंडेनवमीला गन न धुता, भरलेली, तशीच मळकी पाटावर ठेवली. मालकानं विचारलं, "काऊन हो, वस्तादाची रीत सोडली?" मी म्हणालो, वेळ झाला नाही.

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना, बसगाड्या कोळशाच्या गॅसवर धुरकटत चालायच्या. ग्रीस तर बाजारातून नाहीसंच झालं. तेव्हा मी एरंडेल कढवून, त्यात चुना घालून, घोटून घोटून ग्रीस केलं, आणि त्यावर चिखली-मेहकरच्या गाड्या चालवल्या. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही. कढई ढवळताना एक विचार मात्र यायचा, की सुखदेव असता तर शेजारी बसून हे बघायला त्याला किती आवडलं असतं.

सुखदेवची खबर मी घेतली नव्हती. तुरुंगातून सुटल्यावर तो जानेफळला गेला, एवढं ऐकून होतो. पाठ कामातून गेली आणि मी गॅरेज सोडलं, त्यानंतर एका लॉरी ड्रायव्हरनं सहज सांगितलं, "जानेफळले एक मानूस पाह्यला. भरली बंडी नेते, पर कवाच वर बसत नाही. बैलाच्या बाजूनं पायी चालते. म्हने आंधी मोटार चालवे." त्यानंतर चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी मेहकरची बस धरली.

जानेफळच्या शिवारातच तो भेटला. बाजाराला वांगी घेऊन निघाला होता. बंडीत डाली रचलेल्या, पुढे हाकणाऱ्या धुरकऱ्याची जागा रिकामी, आणि तो कासरा हातात धरून बाजूनं चालत होता. केस पांढरे झाले होते, डावा खांदा खाली उतरला होता. मला ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

"दामूभाऊ? तुमी इकडं कसे?"

मी म्हणालो, थांब जरा, बोलायचं आहे. त्यानं बैल एका बाभळीखाली उभे केले. मी घरून वाक्य ठरवून आलो होतो, ते विसरलो. मग जे झालं ते ओळीनं सांगितलं. धुतलेली गन, दोनदा ओढलेला दांडा, रॉकेलचा वास, पुसलेली पिन, कोर्टातली शपथ. शेवटी म्हणालो, "तुझी चूक नव्हती, सुखदेव. माझी होती."

तो खाली बसला. जमिनीवरचे खडे वेचून एका जागी ठेवू लागला. रडेल, शिव्या देईल, अंगावर येईल, मी सगळ्याची तयारी ठेवली होती. तो म्हणाला, "आता काऊन सांगून राह्यले?"

"मला राहवलं नाही."

"हाव. तुरुंगातून आलो तवा मी समद्याइले सांगे, ष्टेरिंग परत आलं नाही म्हनून. बाप म्हने, खोटं नको बोलू, मिस्तरीनं शपथ घेतली. बायको म्हने, झोप लागली असन तुमाले, मानसाले लागते झोप. वरीसभर सांगतलं. मंग मलेच वाटू लागलं, का लागली असन. आता तं दामूभाऊ, मले आठवते. डोळे मिटले होते ते आठवते मले. ऊन तोंडावर येऊन राह्यलं होतं, आन् मी डोळे मिटले."

"नव्हते मिटले तू."

"ते तुमी सांगता."

मी म्हणालो, मी गावात चार माणसांसमोर सांगतो, उंद्रीला जाऊन सांगतो. त्यानं मान हलवली. बाप गेला होता, बायको गेली होती, देशमुखही आदल्या साली वारले होते. ज्यांना सांगायचं होतं त्यांच्यापैकी कोणी उरलं नव्हतं.

"आक्काच्या नावानं मी दर दसऱ्याले उपाशी राह्यतो," तो म्हणाला. "पुन्हा कोनत्याच चाकावर बसाचं नाही असं ठरवलं होतं. लगनात वराती गेल्या, मी पायी गेलो. पोरगी सासरी धाडली, तिच्या बंडीमागं पायी गेलो. लोकं हासे. मी म्हनो, हासू द्या, आपल्या हातानं मानूस मेलं. आन् तुमी आता म्हनता झोप नव्हती लागली." त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "मंग मी सतरा वरसं कायले पायी चाललो?"

काहीतरी करावं म्हणून मी उठलो, बैलांपाशी गेलो आणि म्हणालो, "चल, वर बस. बाजारापर्यंत मी हाकतो."

तो उठून बंडीजवळ आला. धुरकऱ्याच्या जागेवर त्यानं हात ठेवला, वर चढणार असा एक पाय उचलला, आणि मग पाय खाली घेतला.

"आता नाही बसनं होत, दामूभाऊ," तो म्हणाला, आणि कासरा धरून बैलांच्या बाजूनं चालू लागला.